जाऊबाईंची साक्ष

परवा जाऊबाईंच्या स्मरणाची उपासना झाली. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एस्तेरबाईंच्या धाकट्या जाऊबाई दोन शब्द बोलतील का?" मी नुसती मान हलवली आणि पदराचं टोक धरून बसून राहिले. मला चारचौघांत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकले, आणि तेव्हाही बाईंनी उभं केलं की पाठ केलेली कविता विसरायची. मग बाकीचे बोलले. एकजण म्हणाले, एस्तेरबाई फार आशीर्वादित होत्या, मुलगा केवढा मोठा झाला, गुडगावात घर, मानेसरला कारखाना. ऐकताना मला वाटलं, जाऊबाई असत्या तर इथूनच उठून बाहेर नळावर गेल्या असत्या. तेव्हा जे बोलता आलं नाही ते घरी बसून लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

नळावर म्हटलं, कारण त्यांना हात धुवायची सवय होती. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. हात धुवायच्या ते कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवून. स्वयंपाकाआधी धुवायच्या, प्रार्थनेआधी धुवायच्या, आणि राग आला किंवा रडू आलं तरी नळाकडेच जायच्या. मी लग्न होऊन नगरकडून दिल्लीला आले तेव्हा पहाडगंजात दोन खोल्यांत आम्ही सगळे राहायचो. थोरले भावजी वारले होते, माझे यजमान सरकारी गाडीवर ड्रायव्हर. विनय, जाऊबाईंचा एकुलता एक मुलगा, तेव्हा शाळेत होता. मला त्या घरात नळाच्या आवाजावरून कळायचं की आज जाऊबाईंचं काय बिघडलंय.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला चुलीजवळचा पितळी डबा दाखवला. "रत्ने, हा मुठीचा डबा. भात टाकायला तांदूळ घेतलेस की त्यातलीच एक मूठ आधी इथं. मग आधण." हे मला माहेरीही माहीत होतं. आमच्याकडच्या ख्रिस्ती बायका असंच करतात, महिन्याअखेरी मूठ-मूठ साठलेलं धान्य देवळात नेऊन देतात. पण जाऊबाईंची एक अट होती. मूठ काढायची ती आज आपण जे खाणार त्यातलीच. वेगळ्या पिशवीतली नाही. "मूठ काढली की आपल्या ताटात तेवढं कमी यायला पाहिजे. नाहीतर ते दान कसलं, ती घराची सफाई."

कोणी काहीही द्यायला आणलं, जुनं स्वेटर असो की मिठाई, त्या आधी विचारायच्या, "तुझ्या ताटातलं आहे, की उरलेलं?"

दिल्लीत आम्हा मराठी मंडळींना स्वतःचं चर्च नव्हतं. दुसऱ्यांचं चर्च रविवारी दुपारी आम्हाला मिळायचं. त्या मुठीच्या तांदळाची जाऊबाई उपासनेनंतर मागच्या व्हरांड्यात खिचडी करायच्या. महाराष्ट्रातून मोठ्या परीक्षांचा अभ्यास करायला आलेली पोरं असायची, कोणी परभणीचं, कोणी सांगोल्याचं. ख्रिस्ती चार-दोनच, बाकीचे सगळ्या धर्मांचे. शेवटच्या गीताला बरोबर येऊन मागं उभे राहायचे. एकानं विचारलं होतं, "आंटी, आज आमेन जरा जल्दी होईल का? क्लास आहे." जाऊबाई म्हणाल्या, "आमेन देवाच्या हातात, यार. पातेलं माझ्या हातात आहे, ते तयार आहे."

एकदा एका साहेबांच्या बायकोनं महिन्याच्या मुठीचा म्हणून तांदूळ आणला, सगळी कणी आणि खडे. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो निवडला, लहान पातेल्यात वेगळा शिजवला आणि जेवताना त्या बाईंच्याच ताटात वाढला. "तुमच्या घरचा आहे, तुम्हाला आवडत असेल." सगळ्या बायका ताटात बघून हसल्या. त्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. घरी येताना जाऊबाई म्हणाल्या, "जास्त झालं का गं रत्ने?" मी म्हटलं, "हो." त्या रात्री नळ खूप वेळ चालू होता. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः जाऊन त्या बाईंची माफी मागितली, पण मुठीची अट काही सोडली नाही.

हे सगळं कोणी वाचलंच तर वाटेल की त्यांना पैशाचा तिटकारा होता. अजिबात नव्हता. विनय मोठा व्हावा, त्याच्याकडे गाडी असावी, हे त्यांना फार वाटायचं. रात्रपाळी करून आलेल्या बाईला तसं वाटणारच. विनय डिप्लोमा झाला तेव्हा नवे नवे कारखाने निघत होते, सगळीकडे गाड्यांचीच बोलणी. आमच्याच मंडळीतल्या मनोहर पगाऱ्यांचा फरीदाबादला लहानसा कारखाना होता. गाडीच्या दारातून पाणी आत येऊ नये म्हणून रबराची पट्टी लावतात, ती ते करायचे. त्यांनी विनयला आपल्याकडे घेतलं, हाताला धरून काम शिकवलं. पगाऱ्यांच्या पत्नी सुशीलाबाई आणि जाऊबाई चर्चमध्ये एकाच बाकावर बसायच्या. एकच गीतांचं पुस्तक दोघींत. सुशीलाबाईंचा आवाज चांगला, जाऊबाईंचा फाटका. सुशीलाबाई म्हणायच्या, "एस्तेरबाई, तुम्ही पान उलटा, मी गाते."

मग विनयनं स्वतःचा कारखाना टाकला. पगाऱ्यांनीच यंत्र बघून दिलं. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण झाली. तेव्हा जाऊबाईंनी शुक्रवारचे उपास धरले. शुक्रवारी आम्हा बायकांचं मंडळ भरायचं. गोल बसायचो आणि एकेकीनं आपापला प्रार्थनेचा विषय सांगायचा. जाऊबाई म्हणायच्या, "विनयला एक मोठं काम मिळावं." सुशीलाबाई म्हणायच्या, "आमच्या कारखान्याचं काम टिकावं." आम्ही डोळे मिटून दोन्हींना आमेन म्हणायचो. मी पण म्हटलं आहे.

विनयला मोठं काम मिळालं. एका गाड्यांच्या कंपनीची वर्षभराची ऑर्डर. पाठोपाठ गुडगावात चौथ्या मजल्यावर फ्लॅट झाला. तेव्हा तिथं आजूबाजूला सरसूचं, म्हणजे मोहरीचं, शेत आणि मधेच एकेक उंच इमारत, असं होतं. जाऊबाई तिकडे राहायला गेल्या तेव्हा बरोबर पितळी डबाही नेला. आणि त्यांना सगळ्यांत काय आवडलं असेल, तर लिफ्ट. आम्ही भेटायला गेलो की त्या खाली घ्यायला यायच्या, स्वतः बटण दाबायच्या, आणि चौथा मजला आला तरी म्हणायच्या, "थांबा, वरपर्यंत जाऊन येऊ." सगळ्यांत वरच्या मजल्यावर दार उघडायचं, बंद व्हायचं, आम्ही परत खाली. लहान मुलीसारख्या हसायच्या. "आयुष्यभर दवाखान्याचे जिने चढले रत्ने. आता देवानं मला उचलून घेतलंय."

गुडगाव लांब, म्हणून शुक्रवारचं मंडळ त्यांचं सुटलं, आणि तिथं कळायच्या त्या घराघरातल्या गोष्टीही. रविवार मात्र चुकवला नाही.

वर्षातून एकदा आमच्याकडे उपकारस्तुतीचा रविवार असतो. त्या दिवशी पाळक विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे का. मग एकेकजण उठून सांगतो, देवानं आपल्यासाठी काय केलं. कोणाचं दुखणं बरं झालं, कोणाच्या मुलीला नोकरी लागली. त्या वर्षी जाऊबाई उठल्या. नवी चंदेरी काठाची साडी, पदर दोन्ही खांद्यांवर. म्हणाल्या, "मी विधवा बाई. मी देवाजवळ हट्ट केला. उपास केले. माझ्या विनयला मोठं काम दे म्हटलं. दुसऱ्या कोणाकडे असलेलं काम देवानं माझ्या मुलाच्या हातात आणून दिलं. त्यातून आज माझ्या डोक्यावर छप्पर आहे. देवाचे आभार."

विनयनंच घरी सांगितलं होतं, दुसऱ्या पार्टीकडून काम आपल्याकडे आलं म्हणून. कोणती पार्टी, ते सांगितलं नव्हतं.

साक्ष झाली की सगळे आमेन म्हणतात. त्या दिवशी कोणी म्हणेना. मी विनयकडे पाहिलं, तो आपल्या बुटांकडे बघत होता. पाळकसाहेब खाकरले. तेवढ्यात जाऊबाईंच्या शेजारून, त्याच बाकावरून, सुशीलाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमेन." आणि पुस्तकात पुढचं गीत काढून त्यांनी ते जाऊबाईंच्या हातात दिलं.

जाऊबाईंना काही कळलं नाही. खूश होऊन खिचडी वाढायला गेल्या. नळापाशी मंडळातल्या एका बाईनं त्यांना गाठलं. "एस्तेरबाई, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? ते काम पगाऱ्यांचं होतं. त्यांचा कारखाना बंद पडला ना."

जाऊबाईंच्या हातात खिचडी वाढायचा डाव होता. तो त्यांनी नळाखाली धरला आणि धरूनच ठेवला.

परत गुडगावला जाताना गाडी विनय चालवत होता, शेजारी त्याची बायको अनिता. मागं जाऊबाई आणि मी.

"विनय, ते काम आधी कोणाकडे होतं?"

"आई, काम कंपनीचं असतं. दुसऱ्या कोणाचं नसतं."

"विनय."

"पगारेकाकांकडे होतं."

"तुला माहीत होतं?"

"अर्थात माहीत होतं. कंपनीनं सगळ्यांकडून रेट मागवले. त्यांनी दिले, मी दिले. माझा रेट कमी, माल चांगला. मी चोरी केली का?"

"नाही."

"मग?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढी खूश होतीस! आणि मला काय माहीत तू उठून साक्षच देशील?"

"चांगलं झालं की साक्ष देतात, हे तुला माहीत नाही? पाळण्यात होतास तेव्हापासून चर्चला आणते आहे तुला."

अनिता हळूच म्हणाली, "आई, जाऊ द्या ना. बिझनेसमध्ये असंच असतं."

"बिझनेसमधलं मला काही कळत नाही बाळा. पण मी देवाचे आभार मानले, आणि ताट ओढलं ते शेजारच्या बाईच्या पुढ्यातलं. तिला मांडीला मांडी लावून बसवून."

घरी पोचल्यावर विनयनं लिफ्टचं बटण दाबलं. जाऊबाई जिन्याकडे वळल्या. आम्हाला वाटलं डोकं शांत करायला जात असतील. पण त्या दिवसापासून त्या लिफ्टमध्ये चढल्या नाहीत. गुडघे सुजायचे, मधे दुसऱ्या मजल्यावर टेकायच्या, पण जिनाच. विनय चिडायचा, "आई, लिफ्टनं काय बिघडवलंय तुझं?" त्या म्हणायच्या, "तिनं कुठं? तिचा काय दोष."

पुढच्याच आठवड्यात त्या मला घेऊन फरीदाबादला गेल्या, बसनं. पितळी डबा भरून बरोबर घेतला. सुशीलाबाईंचं घर कारखान्याच्याच वर होतं. खालचं शटर बंद, पण रबराचा वास अजून येत होता. सुशीलाबाईंनी दार उघडलं, या म्हणाल्या, चहा टाकला. जाऊबाईंनी डबा पुढं केला. "आमच्या ताटातला आहे सुशीलाबाई. उरलेला नाही."

सुशीलाबाईंनी झाकणही उघडलं नाही. "हा चर्चला द्या. आम्ही अजून खिचडीच्या रांगेत आलो नाही."

जाऊबाई काहीतरी बोलायला गेल्या. "मला ठाऊक नव्हतं हो."

"ते मला कळलं. नाहीतर मी आमेन म्हटलंच नसतं." त्यांनी कप पुढं सरकवला. "मी पण उपास धरले होते. त्याच शुक्रवारी. तुमच्या शेजारी बसून. तुम्ही माझ्या विषयाला आमेन म्हणत होतात, मी तुमच्या. आता देवानं तुमचं ऐकलं, माझं नाही, असं समजायचं का? तुम्ही तर साक्षच दिलीत तशी."

आम्ही चहा प्यालो. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी बिस्किटंसुद्धा ठेवली होती.

मग जाऊबाई पाळकसाहेबांकडे गेल्या. "मला माझी साक्ष मागं घ्यायची आहे. सगळ्यांसमोर." ते म्हणाले, "बाई, आभार मागं कसे घेता येतील? आणि त्या बिचाऱ्यांना परत सगळ्यांसमोर बसवायचं का?" हे जाऊबाईंना पटलं. म्हणून त्या गप्प राहिल्या. पण त्यानंतर स्वतःसाठी किंवा विनयसाठी त्यांनी देवाजवळ काही मागितलं नाही. विनयला एकदा मोठा ताप आला होता, तेव्हाही त्या उशाशी बसून फक्त पट्ट्या बदलत राहिल्या. मी म्हटलं, "प्रार्थना करा ना." म्हणाल्या, "तू कर. माझं मागणं जरा बघून घ्यावं लागतं."

विनय वाईट मुलगा नाही. त्यानं पगाऱ्यांना निरोप पाठवला, आमच्याकडे या, सगळं काम तुम्हीच बघा. पगारे म्हणाले, "मी ज्याला काम शिकवलं त्याच्या दारात हजेरी लावायला मला अजून वेळ आहे." त्यांनी मानेसरच्या दुसऱ्याच एका कारखान्यात नोकरी धरली. एकदा सकाळी आम्ही विनयच्या गाडीतून निघालो होतो. सिग्नलला शेजारी कंपनीची बस येऊन थांबली. खिडकीला डोकं टेकून पगारे झोपले होते, तोंड जरा उघडं. जाऊबाई सीटवरून खाली सरकल्या, पार माझ्या गुडघ्यांपर्यंत, आणि सिग्नल सुटेपर्यंत तशाच राहिल्या. त्या माणसानं डोळे उघडले नव्हते.

अनिताला वाटायचं, सासूबाई उगीच झुरतात. ती त्यांना गुडगावच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये नव्या प्रकारच्या उपासनेला घेऊन गेली. मलाही नेलं. गार हवा, माईक, गिटार. तिथले उपदेशक कोट घालून सांगत होते की देवाची लेकरं गरीब राहावीत असं देवाला वाटतच नाही, मोठं मागा, मोठं मिळेल. मग लोक उठून सांगायला लागले, मला फ्लॅट मिळाला, मला बढती मिळाली. जाऊबाईंच्या शेजारच्या मुलानं सांगितलं, येशूनं मला नवी गाडी दिली. टाळ्या झाल्या. तो बसल्यावर जाऊबाईंनी वाकून विचारलं, "बेटा, यह गाड़ी पहले किसकी थी?"

"नई है आंटी. शोरूम से ली."

"अच्छा," जाऊबाई म्हणाल्या. "फिर भी पूछ लेना."

तो मुलगा अनिताकडे बघायला लागला. अनिता लाजून लाल झाली. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण जाऊबाईंनी ते चेष्टेनं विचारलं नव्हतं.

पुढं त्यांचं दुखणं वाढलं, हृदयाचं. चर्चला येणं बंद झालं. जिना चढवेना म्हणून त्या खालीच उतरायच्या नाहीत, दिवस दिवस घरात. पण मूठ चालू होती. अनिताच्या घरात भात कमीच, बाहेरून जेवण यायचं. अशा दिवशी जाऊबाई आलेल्या डब्यातला एक घास तरी बाजूला काढायच्या आणि खालच्या कुत्र्याला पाठवायच्या.

मी त्यांना शेवटचं हिंडताफिरताना पाहिलं त्या दिवशी सुशीलाबाई भेटायला आल्या होत्या. मी तिथंच होते. किती वर्षांनी आल्या होत्या. पगाऱ्यांची नोकरी संपली होती, मुलगी शाळेत शिकवत होती, फरीदाबादची जागा त्यांनी विकली होती. हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं. जाऊबाई पलंगावर बसून ऐकत होत्या, मधेमधे "बरं", "अच्छा" म्हणत होत्या. जुनं काहीच निघालं नाही. सुशीलाबाईंनी जाताना एक गीत म्हटलं, एकच कडवं. आवाज तसाच होता. जाऊबाईंची बोटं चादरीवर हलली, जशी पान उलटताना.

सुशीलाबाई निघाल्या तर जाऊबाई उठल्याच. "खालपर्यंत येते." अनिता नको नको म्हणत होती. बाहेर आल्यावर त्या सवयीनं जिन्याकडे गेल्या. सुशीलाबाईंनी लिफ्टचं बटण दाबलं होतं.

"इकडे या."

"मी जिन्यानं येते. तुम्ही व्हा पुढं."

"अनितानं सांगितलंय मला तुमच्या जिन्याचं." सुशीलाबाईंनी लिफ्टचं दार हातानं अडवून धरलं. "तुम्ही जिने चढल्यानं आमच्या कारखान्याचं शटर वर गेलं नाही, एस्तेरबाई. चला आत. मला बस गाठायचीय."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही सांगणार. मग त्या आत गेल्या. दोघी शेजारी उभ्या राहिल्या, चर्चमधल्या बाकावर बसायच्या तशा, समोर बघत. दार मिटलं. मला त्यात शिरावंसं वाटलं नाही. मी जिन्यानं धावत खाली आले.

दार उघडलं तेव्हा दोघी तशाच उभ्या होत्या. सुशीलाबाईंनी जाऊबाईंचा कोपर धरला होता. त्यांनी तो सोडला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेटबाहेर गेल्या. एकदाही मागं वळल्या नाहीत. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत जाऊबाई उभ्या होत्या.

मी म्हटलं, "चला वर."

त्या वळल्या. लिफ्टचं दार उघडंच होतं, आत दिवा होता. त्यांनी पदर खोचला, कठड्यावर हात ठेवला आणि जिन्याला लागल्या.

"अहो जाऊबाई, त्यांनी आत्ताच काय सांगितलं?"

"त्यांनी सांगितलं म्हणून उतरले," त्या म्हणाल्या. "चढायचं माझं मला."

मी खालीच राहिले. जिन्याच्या मधल्या पोकळीतून वर पाहिलं तर त्यांचा हात तेवढा दिसत होता, कोपरापर्यंत, कठड्यावरून एकेक वळण वर जाणारा. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा वर सरकायला लागला.